अंबुजाक्कांची खोली

अंबुजाक्कांची खोली गेली ती माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांच्याबद्दल बरंच हसतखेळत बोलणार आहे, आणि ही बाई स्वतःचं झाकतेय असं मध्येच कुणाला वाटायला नको. खोली म्हणजे तरी काय होती? आमच्या युनिव्हर्सिटीच्या जुन्या दगडी लेडीज हॉस्टेलच्या फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला मेट्रनची खोली. एक खिडकी, एक लोखंडी खाट, भिंतीतलं कपाट, मागं स्वतंत्र न्हाणीघर. त्या खोलीचं अक्कांना एवढं कौतुक होतं की विचारायची सोय नाही. "नऊ माणसांच्या घरात वाढले मी," त्या म्हणायच्या. "दुपारी दार लावून घटकाभर पडावं, हे सुख इथं आल्यावर कळलं." सव्वीस वर्षं त्या तिथं राहिल्या.

त्यांचं घराणं बेंगळुरात मुरलेलं. कुठल्याशा सरदाराच्या मागून तीन-चारशे वर्षांपूर्वी इकडे आलेली मराठी माणसं. परत जायचं कुणाला सुचलं नाही, आणि आता परत कुठं जायचं हेही कुणाला ठाऊक नाही. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. "स्वल्प सरक गं", "ऊट झालं का?", आणि काहीही पटलं की "सरी, सरी". ऊट म्हणजे जेवण. मी निपाणीची, त्यामुळे कन्नड कानाला सवयीचं, पण मराठीच्या ताटात ते असं कालवलेलं पाहिलं नव्हतं. अर्थात माझं "लई" आणि "व्हय" ऐकून त्याही तोंडाला पदर लावत होत्या, हे मला मागाहून कळलं.

पहिली गाठ ट्रंकेसकट पडली. एम.ए. इंग्रजीला प्रवेश घेऊन, बसनं अंग आंबवून मी सकाळी फाटकाशी उतरले. अक्कांनी फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "रस्त्यात काय बघितलंस?"

"छान आहे बेंगळुरू."

"छान म्हणजे काय बघितलंस?"

"म्हणजे... झाडं वगैरे."

"वगैरे राहू दे. जा, फाटकाबाहेर जाऊन एकदा बघून ये. ट्रंक कुठं पळत नाही."

मनात म्हटलं, ही बाई डोक्यावर पडलीय काय. पण किल्ली त्यांच्या हातात होती, मग काय करणार. गेले. पाच मिनिटांनी येऊन सांगितलं, की झाडाच्या मुळानं फुटपाथ उचललाय आणि तिथं बसणाऱ्या शिंप्यानं मशिनच्या एका पायाखाली वीट सारलीय. अक्कांनी किल्ली पुढं केली. "आता आलीस तू बेंगळुरात," म्हणाल्या, "जा, आंघोळ कर."

त्या कितपत शिकल्या होत्या कुणास ठाऊक. मॅट्रिक म्हणायच्या काही जणी. काही जणी म्हणायच्या, गाण्याच्या परीक्षा दिल्यात. कामाला त्या मेट्रन. गैरहजेरी, आजारपण, फुटलेले नळ, रडणाऱ्या मुली, सगळं त्यांच्याकडे. पण त्यांचा जीव होता फळ्यावर. मेसच्या दाराशी हिरवं कापड ठोकलेला एक लाकडी फळा होता. आठवडाभरात शहरात कुठंही नाटक, गाणं, नाच, चित्रं, जे काही जिनं पाहिलं असेल तिनं त्यावर एक कागद लिहायचा, हवा त्या भाषेत, आणि शनिवारी तिथं लावायचा. प्रोफेसर मंडळीसुद्धा शनिवारी संध्याकाळी चहाच्या निमित्तानं तो फळा वाचून जात.

नियम तीन. शेवटपर्यंत बसायचं, कंटाळा आला तर आला म्हणून लिहायचं, पण उठायचं नाही. छान, सुंदर, अप्रतिम, बोअर असलं काही लिहिलं की कागद परत. आणि तिसरा नियम नव्या मुली दोनदा विचारून घ्यायच्या: ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला रविवारी मेसमध्ये जेवायला बोलवायचं, आपल्या हातानं वाढायचं, आणि जेवण झाल्यावर त्याच्यासमोर बसून तो कागद मोठ्यानं वाचायचा.

"हे कशाला अक्का? लेखकानं तटस्थ असायला पाहिजे," असं मी एकदा शहाणपणानं म्हणाले.

"तटस्थ राहा की. पण माणूस आणिक भात मागतो तेव्हा तो कसा दिसतो ते बघितलं नसशील, तर त्याच्याबद्दल लिहू नको."

सगळे काही यायचे नाहीत. नाव झालेली माणसं तर नाहीच. पण हौशी नट, एकटे राहणारे चित्रकार, देवळात बासरी वाजवणारा एक पोस्टमन असे कितीतरी जण त्या लांब टेबलाशी बसून सारू-भात, म्हणजे आपला सार-भात, जेवून गेले. दहीभात संपल्याशिवाय कागद उघडायचा नाही, हाही अक्कांचाच दंडक.

एक किस्सा सांगते. लिझी म्हणून कोट्टायमची एक मुलगी होती, वनस्पतिशास्त्राची. तिनं एका नाटकातल्या राजाबद्दल लिहिलं, की हा मरताना दोनदा सभागृहाच्या घड्याळाकडे बघतो. तो नट रविवारी आईला घेऊन जेवायला हजर. लिझीनं वाढलेलं सारू ताटात कमी आणि टेबलावर जास्त. वाचून झालं तसा तो बिचारा खाली मान घालून म्हणाला, "खरंय. होसकोट्याची माझी शेवटची बस सव्वानऊला असते." त्याची आई खो-खो हसायला लागली. अक्का मात्र हसल्या नाहीत. "मग दिग्दर्शकाला सांगा, राजाला स्वल्प लवकर मारा म्हणून," त्या म्हणाल्या. आणि खरंच, पुढच्या प्रयोगात मधला एक लांबलचक दरबार कापला गेला आणि राजा दहा मिनिटं आधी निवांत मेला. लिझीनं परत जाऊन दुसरा कागद लिहिला.

अक्का स्वतः कधी लिहीत नसत. पण त्यांच्याबरोबर कार्यक्रमाला जाणं म्हणजे शिकवणीच होती. कडक इस्त्रीची कॉटनची साडी, पिशवीत कॉफीचा थर्मास, आणि बसायला कायम दाराजवळची खुर्ची. दाराजवळ बसून न उठणं याचा त्यांना थोडा गर्वच होता. एका चित्रप्रदर्शनात त्यांनी चौकीदाराचं स्टूल मागून घेतलं आणि पाणी भरणाऱ्या बाईच्या चित्रासमोर तब्बल चाळीस मिनिटं ठिय्या मारला. चौकीदार बिचारा उभा. शेवटी उठल्या आणि मला म्हणाल्या, "घागर भरलेली आहे म्हणतोय हा. पण बाईच्या मानेला ते माहीत नाही." मी त्या चित्रासमोरून दोन मिनिटांत पुढं गेले होते.

म्हणून त्या काही देवी नव्हत्या. हेकेखोर म्हणावं एवढ्या हेकेखोर. माझा एक कागद त्यांनी सात वेळा परत केला. सातव्यांदा मी रडले तर कॉफी पाठवली, पण कागद काही घेतला नाही. लाडक्या मुली आणि नावडत्या मुली उघड उघड ठरलेल्या. साठीनंतर त्यांना नोकरीत दर वर्षी एकेक वर्ष वाढ मिळत असे, तो कागद जूनमध्ये ऑफिसातून यायचा. येईपर्यंत त्या आठवडाभर कुणाशी धड बोलायच्या नाहीत. नोकरी गेली की खोली गेली, हे साधं गणित. देवनहळ्ळीला भाचा होता, शेत विकून लेआउटमध्ये, म्हणजे नव्या वसाहतीत, घर बांधलेला. तो बोलवायचा. "जाईन की," अक्का म्हणायच्या, "पण तिथं मला दार कुठंय?"

आता माझं सांगते. दुसऱ्या वर्षाला होते आणि डोक्यात हवा गेली होती. माझ्या कागदांचे फोटो काढून मुली व्हॉट्सॲपवर फिरवायच्या. एका प्रोफेसरांनी "धारदार" म्हटलं होतं. त्या एका शब्दावर मी महिनाभर तरंगत होते.

त्या आठवड्यात एका मुलीचा रंगप्रवेश होता. भार्गवी तिचं नाव. रंगप्रवेश म्हणजे भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीचा पहिला पूर्ण कार्यक्रम. वडील युनिव्हर्सिटीच्या कुठल्याशा समितीवर, त्यामुळे पहिल्या दोन रांगा सगळ्या वजनदार मंडळींनी भरलेल्या. हॉस्टेलमधून मी एकटीच गेले. मध्यंतरापर्यंत मला फार काही हाती लागलं नाही. तेवढ्यात राजाजीनगरची माझी वर्गमैत्रीण बाहेर स्कूटर घेऊन उभी. म्हणाली, चल, डोसा खाऊ. आणि मी गेले. एवढंच. काही अडचण नव्हती, पोटात दुखत नव्हतं. डोसा खावासा वाटला आणि मी गेले.

कार्यक्रमाची छापील पत्रिका माझ्याकडे होती. दुसऱ्या भागात काय काय आहे ते तीत लिहिलेलंच होतं, शेवटचा तिल्लाना, म्हणजे जलद पावलांचा समारोप. पहिल्या भागावरून दुसऱ्याचा अंदाज काय अवघड? मी लिहिलं, "पाहुणे दाराशी आल्यावर घर आवरावं, तसा तिनं तिल्लाना आवरला." शनिवारी फळ्यापुढं गर्दी झाली ती या वाक्यासाठी.

सोमवारी त्याचा फोटो वडिलांच्या फोनवर पोचला. बुधवारी अक्कांना कुलसचिवांच्या ऑफिसात बोलावणं आलं. मीही बरोबर गेले, बाहेरच्या बाकावर बसले. दार अर्धवट उघडं होतं. कुलसचिव तसे भले गृहस्थ, आवाज चढवणारे नव्हते. ते म्हणाले, "बाई, कागद काढून टाका, दोन ओळी दिलगिरीच्या द्या. तुमचा वाढीचा कागद माझ्या टेबलावर आहे. मला उगाच कशाला पेचात टाकता?"

अक्का म्हणाल्या, "सर, कडवट लिहिलंय ते मलाही दिसतंय. पण मुलगी शेवटपर्यंत बसली होती. बसून लिहिलेला कागद मी काढत नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"माझ्या मुली उठत नाहीत."

मला तेव्हाच आत जायला हवं होतं. चार पावलं होती. मी बाकाच्या फळीकडे बघत बसून राहिले, आणि त्या बाहेर आल्यावर त्यांची पिशवी धरली. त्या दिवशी मला माझी लाज वाटली, आणि आजही वाटते.

गंमत म्हणजे प्रकरण निवळलं. दोन जुन्या प्रोफेसरांनी फळ्याची बाजू घेतली, कुलसचिवांनी वडिलांना काहीतरी सांगून शांत केलं, आणि पुढच्या आठवड्यात सही होईल असा निरोप आला. अक्का त्या संध्याकाळी मेसमध्ये गुणगुणत फिरत होत्या. मी स्वतःला समजावलं, झालं गेलं, सुटलो.

रविवारी भार्गवी जेवायला आली. एकटी, रिक्षानं, वडिलांना न सांगता. आमंत्रण नियमाप्रमाणे मीच पाठवलं होतं, ती येणार नाही या खात्रीनं. विशीतली मुलगी, केस साधे बांधलेले, घोट्याला क्रेप बँडेज. मी भात वाढला, सारू वाढलं, बीन्सची पल्या, म्हणजे सुकी भाजी, वाढली. तिनं भात आणखी एकदा मागून घेतला. दहीभात झाल्यावर अक्कांनी मान हलवली आणि मी वाचायला लागले. तिल्लानाच्या वाक्याशी आले तशी ती कन्नडमध्ये हळूच म्हणाली, "तिल्लाना झालाच नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

भार्गवीनं सांगितलं ते असं. मध्यंतरानंतर सभागृहाची वीज गेली ती आलीच नाही. माइक बंद, दिवे बंद. लोकांनी फोनचे टॉर्च लावले. तिच्या वयस्कर गुरूंनी माइकशिवाय नुसत्या गळ्यानं एक पद गायलं आणि ती त्या उजेडात नाचली. नाचताना पाय मुरगळला. तिल्लाना रद्द केला आणि तिथंच संपवलं. "लोक म्हणाले, ते पद सगळ्यात बरं झालं," ती म्हणाली. "त्याबद्दल तुम्ही काय लिहिलंय ते ऐकायला आले होते मी."

अक्कांकडे बघायची मला हिंमत झाली नाही. भार्गवी उठली, हात धुतले, आणि जाताना अक्कांना म्हणाली, "मी घरी काही सांगणार नाही, आंटी. अप्पांनी कागद धड वाचलेलाही नाही, कुणीतरी वाईट लिहिलंय एवढंच त्यांना कळलंय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

म्हणजे बघा, कुणालाही कळणार नव्हतं. मेसमधल्या मुली अक्कांच्या शब्दाबाहेर जाणाऱ्या नव्हत्या. सही दोन दिवसांवर आली होती.

अक्का तो सबंध दिवस आणि सोमवार खोलीत दार लावून बसल्या. मंगळवारी सकाळी इस्त्रीची साडी नेसून निघाल्या. मी फाटकाशी आडवी गेले. म्हटलं, "अक्का, चूक माझी आहे. मी जाते, मी सांगते त्यांना."

"तू कागदावर लिहिलंस. तो कागद मी काढलाय," त्या म्हणाल्या. "ऑफिसात मात्र मी बोलले होते. बाजूला हो."

आत काय झालं ते मला कुलसचिवांच्या क्लार्ककडून कळलं. अक्कांनी उभ्या उभ्या सांगितलं, की मी बुधवारी दिलेली ग्वाही खोटी होती, मुलगी मध्येच उठून गेली होती, मी न विचारता खात्री दिली. कुलसचिव म्हणे म्हणाले, "बाई, हे मला सांगायला कशाला आलात? मी ऐकलंच नाही असं समजू का?" अक्का म्हणाल्या, "तसं समजू नका." मग भार्गवीच्या वडिलांपर्यंत ते गेलं, आणि या वेळी बाजू घ्यायला कुणाकडेच तोंड नव्हतं. वाढ मिळाली नाही. फळा उतरवला गेला. आता तिथं मेसच्या जेवणावर अभिप्राय द्यायला एक क्यूआर कोड लावलाय. मुली त्यावर तारे देतात.

मला काही झालं नाही. परीक्षा दिली, पास झाले, इथंच नोकरी लागली. अक्का महिनाअखेरीस भाच्याच्या गाडीतून गेल्या. मी सामान उचलायला गेले तर म्हणाल्या, "ठेव ते, तो उचलेल."

देवनहळ्ळीला जायचं धाडस व्हायला मला चार वर्षं लागली. मधल्या काळात ही गोष्ट मी ऑफिसात, मैत्रिणींत, एकदा तर स्टेजवरसुद्धा सांगितली होती. सांगता सांगता तिला छान वळण आलं होतं. अक्का ताठ मानेनं ऑफिसात जातात, खरं बोलतात, आणि खोलीकडे मागं वळूनही न बघता निघून जातात. लोक परत सांगायला लावायचे. मला वाटायचं, निदान एवढी तरी परतफेड करतेय.

भाच्याचं घर नवीन, गुलाबी रंगाचं, डोक्यावरून दर थोड्या वेळानं विमान जाणारं. दोन खोल्या आणि हॉल. अक्कांची खाट हॉलमध्ये, टीव्हीच्या समोरच्या भिंतीला. त्या वाळल्या होत्या, पण साडी तीच, कडक. भाचेसुनेनं कॉफी आणली आणि विचारलं, "अक्का तिकडे कशा होत्या हो? घरी काहीच सांगत नाहीत." मला एवढंच हवं होतं. मी सुरू झाले. ऑफिसात जाण्यापर्यंत आले, ताठ मानेपर्यंत आले, तशा अक्का म्हणाल्या, "थांब स्वल्प."

मी थांबले.

"तू तिथं नव्हतीस," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता. "ताठ मान कुठली. दोन दिवस मी खोलीत रडत होते. तुझ्या नावानं बोटं मोडत होते. मंगळवारीसुद्धा ऑफिसच्या जिन्यावरून दोनदा परत फिरले. तुला काय वाटलं, मला खोली नको होती? मला ती खोली पाहिजे होती गं. अजून पाहिजे आहे."

भाचेसून कप गोळा करून आत गेली. मी म्हटलं, "अक्का, मला माफ करा." चार वर्षं हे वाक्य घेऊन फिरत होते, आणि म्हटलं तेव्हा ते एवढंसं वाटलं.

त्या म्हणाल्या, "करीन. पण अजून झालेलं नाही. झालं की कळवीन."

कळवलं नाही. पुढच्या श्रावणात त्या गेल्या.

त्या दिवशी मी निघाले तेव्हा दुपारचे अडीच वाजले असतील. भाच्याचे दोन नातू शाळेतून आले, दप्तरं अक्कांच्या खाटेवर टाकून तिथंच आडवे झाले आणि कार्टून लावलं. अक्का उठून दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्या. मी चपला घातल्या, फाटकाची कडी काढली आणि वळून पाहिलं. टीव्ही मोठ्यानं चालू होता, पोरं हसत होती, आणि अक्का खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटून झोपायचा प्रयत्न करत होत्या.